नाक सरांचं, कान सुजाताचा

ईशान आणि रेवा,

तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं, "मुलांच्या खोलीत लावायला तुझा एक चांगला फोटो पाठव." मी कपाट उघडलं. फोटो मी वर्षांप्रमाणे लावून ठेवलेले आहेत, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. पण एकाही फोटोत मी मला पटले नाही. फोटो काढायचा म्हटलं की मी शाळा तपासणीला उभी राहिल्यासारखी दिसते. मी माझ्यासारखी दिसले ती एकाच ठिकाणी, एका तैलचित्रात, आणि ते माझ्याकडे नाही. त्या चित्रातलं नाक एकाने काढलं होतं आणि कान दुसरीने. कान काढणाऱ्या मुलीबद्दल तुम्हाला सांगायचं बरेच दिवस मनात आहे. फोटो नंतर पाठवीन.

तुमची आजी निवृत्तीनंतर काही काळ मॉडेल होती. हसू नका. आपल्या प्राधिकरणातल्या गल्लीत इनामदार सर राहतात. जवळच्या चित्रकला महाविद्यालयात ते व्यक्तिचित्रण शिकवायचे. एकदा भाजीच्या गाडीपाशी ते माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की माझ्या हातातली दोडकी खराब आहेत की काय असं मला वाटलं.

"काकू, आमच्या मुलांसमोर बसाल का? तुमच्या चेहऱ्याला हाडं आहेत."

"हाडं सगळ्यांनाच असतात," मी म्हणाले.

"असतात, पण दिसत नाहीत."

जन्मभर इंग्रजी शिकवताना मी वर्गासमोर उभी राहिले होते. आता वर्गासमोर बसायचं होतं, तेही न बोलता. तुमचे आजोबा असते तर म्हणाले असते, ही अट तुला झेपणार नाही. पण झेपली. मॉडेलला सगळं दिसतं, फक्त चित्र दिसत नाही. समोर इझलांचे, म्हणजे चित्राच्या घोड्यांचे पाय, कॅनव्हासच्या पाठी आणि त्यांच्यावरून वर येणारे डोळे. थोड्या दिवसांनी मुलं विसरतात की खुर्चीवरच्या बाईला ऐकू येतं. त्यामुळे त्या हॉलमधलं राजकारण मला प्राचार्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

सुजाता गायकवाड शेवटच्या वर्षाला होती. उंच, खांदे जरा पुढे आलेले, अंबाड्यात कायम एक ब्रश खोचलेला. तोच ब्रश ती हॉलभर शोधायची. एका जागी उभं राहणं तिला जमतच नसे. दोन पावलं मागे, डोळे बारीक, झपकन पुढे, एक फटकारा, परत मागे. मागे जाताना ती कोणाच्या तरी इझलवर आपटायची.

"ए गायकवाड, रिव्हर्सला इंडिकेटर देत जा की!" मागून कोणीतरी ओरडायचं.

"तू हॉर्न वाजव ना मग," असं म्हणून ती पुन्हा मागे.

मी स्वतः शिस्तीची. टेबलावरची पेन्सिलसुद्धा मला सरळ लागते. त्या मुलीकडे बघून सुरुवातीला माझ्या पायाला मुंग्या यायच्या. मला हलता येत नव्हतं आणि ती थांबत नव्हती.

बरेच दिवस चालणारी नवी बैठक सुरू झाली की जागांसाठी चिठ्ठ्या टाकायचा त्यांच्याकडे रिवाज होता. समोरच्या जागांवरून चेहरा पूर्ण दिसायचा, म्हणून त्यांच्यावर सगळ्यांचा डोळा. पहिल्याच बैठकीला सुजाताला थेट मागचा कोपरा आला. तिथून माझा अंबाडा आणि एक कान, एवढंच दिसत होतं. समोरची जागा आली सूरजला. सूरज महाळुंग्याचा. त्याच्या घरची जमीन कंपन्यांत गेली होती, पण बोली गावचीच राहिली होती. त्या वर्गात हात चालायचा तो या दोघांचा. बाकीचे तिसऱ्या नंबरासाठी भांडत.

"सुजे, घे माझी जागा," तो म्हणाला. "मला कुठूनबी जमतंय."

"चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी."

"अगं, कानाचं पोर्ट्रेट कोण बघणार हाय?"

"तू. आणि जळशील."

सगळी बैठकभर ती माझा कान रंगवत होती. शेवटच्या दिवशी मी खुर्चीवरून उतरून, पाय झटकत तिच्या कॅनव्हासमागे गेले. कुडीच्या वजनाने लांबलेलं भोक, वरच्या कडेची घडी, मागे सुटलेले चार पांढरे केस. मी म्हणाले, "अगं, हा तर माझ्या आईचा कान आहे." दुसरी कोणी असती तर खूश झाली असती. ती म्हणाली, "नाही आजी, कानाची पाळी जमली नाही." आणि कॅनव्हास भिंतीकडे फिरवून ठेवला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. त्या महाविद्यालयात शिकवण्याची पद्धत अशी, की सर फिरता फिरता एखाद्याच्या कॅनव्हासपाशी थांबत, त्याच्या हातातला ब्रश घेत आणि त्याच्याच चित्रात गाल किंवा नाक नीट करून देत. मुलं त्याला 'सरांचा हात लागला' म्हणत. हात लागणं हा मान होता. चहाच्या टपरीवर हिशेब चाले: "आज माझ्याकडे पाऊण तास होते, राव!" "भावा, माझा तर अख्खा जबडा करून दिला!" ज्याला हात लागला नाही, तो त्या दिवशी गप्प बसायचा.

इनामदार सरांनी सुजाताच्या चित्राला पहिल्यांदा हात लावला तेव्हा मी समोर होते. त्यांनी माझ्या भुवईखालची सावली करून दिली, ब्रश तिला परत दिला आणि पुढे गेले. सुजाता दोन पावलं मागे गेली, बघितलं, पुढे आली, आणि टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवून तिने ती सावली पुसून टाकली. मागून कोणीतरी "अगं!" म्हणालं. सर वळले.

"चुकलं होतं का काही?"

"नाही सर. बरोबर होतं."

"बरोबर असलेलं पुसतेस?"

"मला ते दिसत नव्हतं, सर. तुम्हाला दिसलं म्हणून तिथे आलं. मला दिसलं की मीच आणीन."

सरांनी काही वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "आण. मी आहे इथेच." सर मोठ्या मनाचे होते. पण त्या दिवसापासून त्यांनी तिच्या चित्राला हात लावणं कमी केलं आणि वर्गाने तिला नाव ठेवलं, हरिश्चंद्राची ताई.

सूरजने मात्र हे नाव कधी घेतलं नाही. त्या दोघांचा वेगळाच व्यवहार होता. दुपारी चहाच्या सुट्टीत दोघं आपापली चित्रं घेऊन फाटकाबाहेरच्या टपरीवर जात. मलाही नेत. टपरीवाला माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची पुसून ठेवायचा. तिथे दोघं एकमेकांच्या चित्रातल्या चुका सांगत. कौतुकाला बंदी होती.

"आजी बसल्यात कुठं?" सूरज तिच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणायचा. "खुर्चीवर ठेवल्यात. वजनच न्हाई त्यांना."

"आणि तुझ्या चित्रातल्या आजी सुंदर आहेत."

"मग?"

"आजी सुंदर नाहीत."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी चहा प्यायले. दुसरं काय करणार?

एकदा तिला एकटीला विचारलं, "इतकं लागेल असं बोलतो तो. ऐकून का घेतेस?"

"मैत्रिणी म्हणतात भारी, कडक, एक नंबर. ते घरी नेऊन मी काय करू? हा खरं बोलतो. मी कच्ची राहिले तर मला हरवण्यात त्याला मजा नाही." आणि लगेच उठली. बसून दोन वाक्यांच्या वर बोलणं तिला जमायचं नाही.

तिचं घर देहूरोडला. वडील मूळचे लातूरकडचे, चाकणच्या एका कारखान्यात क्रेन चालवायचे. मी एकदा गेले होते त्यांच्याकडे. शोकेसवर पांढरी बुद्धमूर्ती, शेजारी धाकट्या भावाच्या शाळेतल्या ढाली, आणि भिंतीला टेकून ठेवलेले सुजाताचे कॅनव्हास, पाठ बाहेर करून. वडील नुकतेच शिफ्टवरून आले होते. त्यांनी मला पाणी दिलं आणि सरळ विषयाला हात घातला.

"मॅडम, पोरीला चित्र काढू नको असं मी कधी म्हणलो नाही. रात्रपाळी करून येतो तर ही माझ्या बुटांचं चित्र काढत बसलेली असते. काढू दे की. पण पुढं काय? कंपनीत डिझाइन विभागात जागा निघणार हाय. पोस्टर, खोक्यावरची चित्रं, असलं काम. पक्की नोकरी."

"आणि बडोदा?" सुजाता दारातून म्हणाली. ती आत-बाहेर करत होती.

त्यांच्या महाविद्यालयातून दरवर्षी वार्षिक प्रदर्शनात व्यक्तिचित्रणात पहिल्या येणाऱ्या एकाच विद्यार्थ्याला पुढच्या शिक्षणासाठी बडोद्याला पाठवत. राहण्या-शिकण्याची सगळी सोय व्हायची. दुसऱ्याला टाळ्या.

"पहिली ये," वडील म्हणाले. "पहिली आलीस तर मी स्वतः बडोद्याच्या गाडीत बसवतो. माझा शब्द. नाही आलीस तर मी म्हणतो त्या नोकरीला जायचं. तुझा शब्द दे."

"दिला," ती म्हणाली, आणि बाहेर गेली. वडील मला म्हणाले, "लहानपणापासून अशीच हाय. पायाला भिंगरी."

प्रदर्शनाच्या महिनाभर आधी इनामदार सरांनी वर्गाला एक चित्र करून दाखवायचं ठरवलं. प्रात्यक्षिक म्हणा. मी नेहमीप्रमाणे खुर्चीवर. सरांचा कॅनव्हास आला नव्हता. सुजाताकडे एक कोरा कॅनव्हास कायम तयार असायचा, मागे तिचा नंबर लिहिलेला. तिने तो पुढे केला. सकाळपासून सर रंगवत होते आणि मुलं श्वास रोखून बघत होती. कपाळ झालं, डोळे झाले, नाक झालं, डावा गाल झाला, ओठांना सुरुवात झाली, तेवढ्यात प्राचार्यांकडून बोलावणं आलं. सर हात पुसत म्हणाले, "सुजाता, कॅनव्हास तुझा आहे. पुसलास तरी चालेल." सगळे हसले.

तिने पुसला नाही. तिने असं काही पुसलं नाही, ही त्या हॉलमधली पहिली वेळ. बाकीची मुलं आपापल्या कामाला लागली आणि ती त्या चित्रापुढे मागे-पुढे, मागे-पुढे. मग तिने दुसरा गाल सुरू केला. बैठकीचे उरलेले सगळे दिवस ती तेच करत होती. मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "सरांच्या गालाशेजारी माझा गाल उभा राहतो का, ते बघतेय." उजवा गाल, कान, मान, पातळ, मांडीवरचे हात, सगळं तिने केलं. पुरं झालं तेव्हा चित्र मांडणीत ठेवून दिलं आणि प्रदर्शनासाठी तिने स्वतःचं वेगळं चित्र दिलं.

प्रदर्शनाची चित्रं लावायची होती त्या दिवशी सुजाता नव्हती. चाकणला त्या नोकरीची मुलाखत होती. वडिलांना शब्द दिला होता तर मुलाखत तरी द्यायलाच हवी, असं तिचं म्हणणं. चित्रं लावायचं काम सूरज आणि दोन मुलांकडे होतं. त्यांना तिच्या नंबराची दोन चित्रं सापडली. त्यांनी त्यातलं चांगलं लावलं.

बाहेरगावचे परीक्षक आले, बघून गेले. दुसऱ्या दिवशी सुजाता आली तर दारासमोरच मी: कपाळ सरांचं, कान तिचा, आणि कोपऱ्यात पहिल्या क्रमांकाची लाल फीत. शेजारी सूरजचं चित्र. दुसरा क्रमांक.

मला प्रदर्शन बघायला सरांनी मुद्दाम बोलावलं होतं, म्हणून मी तिथेच होते. तिने सूरजचं मनगट धरलं.

"हे कोणी लावलं?"

"मी."

"का?"

"चांगलं व्हतं म्हणून. दुसरं तुझं बरं व्हतं, हे चांगलं हाय."

"सरांचं आहे ते!"

"अर्धं. सरांचा हात कुणाच्या चित्रात न्हाई? ह्या भिंतीवर एक तरी दाखव." मग खालच्या आवाजात, "सुजे, गप ऱ्हा. तू जा बडोद्याला. मला घरचं हाय, मी कुठंबी जाईन."

"मला तुझं दान नको."

"दान न्हाई, येडे! परीक्षकांनी दिलंय."

ती सरांकडे गेली. सर म्हणाले, "हे बघ, माझ्या गुरूंनी माझ्या चित्रांना हात लावला, त्यांच्या गुरूंनी त्यांच्या. हात असाच पुढे जातो. माझी काही तक्रार नाही." आणि ते खरंच मनापासून म्हणत होते. म्हणूनच तिची पंचाईत झाली. वाईट माणसाने सांगितलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी ती आपल्याकडे आली. बक्षीस समारंभ एका दिवसावर होता. मी जेवणाच्या टेबलावर चमचे पुसून ओळीने लावत होते. ती टेबलाभोवती फिरत होती आणि येता-जाता एकेक चमचा उचलून भलतीकडे ठेवत होती.

"आजी, तुम्ही समोर होता. सर किती वेळ होते त्या चित्रापाशी?"

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत."

"आणि मी?"

"तू नंतरचे सगळे दिवस."

"म्हणजे जास्त माझं."

"असेल."

ती थांबली. क्षणभरच. "वेळेवरून चित्र मोजतात का? माणूस पहिल्यांदा कुठे बघतो? नाकाकडे. तिथून तो माझ्या कानाकडे येतो. ते नाक नसतं तर आला असता का?" पुन्हा फेऱ्या. "दुपारी बाबांना कारखान्यात फोन केला. पहिली आले हे त्यांना आधीच कोणीतरी सांगितलं होतं. बाबा रडले, आजी. मी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं." चमचा उचलला, ठेवला. "कोणी मला चोर म्हणत नाही. सगळे म्हणतात घे. मग मला का घेता येत नाही?"

मी म्हणाले, "मी इंग्रजीची बाई. दुसऱ्याचं वाक्य आवडलं तर खुशाल वापरा, पण अवतरणचिन्हात ठेवा, एवढंच मी मुलांना शिकवलं."

"चित्रात अवतरणचिन्हं कुठे घालतात?"

"ते तुझं क्षेत्र."

ती गेली. चमचे मी परत लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा माझ्या चित्राखाली एक पांढरं कार्ड चिकटवलेलं होतं. तिच्या सरळ, मोठ्या अक्षरात: कपाळ, डोळे, नाक, डावा गाल: इनामदार सर. उजवा गाल, कान, मान, पातळ, हात: सुजाता गायकवाड. ओठ: सरांनी सुरू केले, मी बिघडवले, मग मीच दुरुस्त केले.

कार्डासमोर गर्दी होती आणि गर्दीत राग होता. "झाली हरिश्चंद्राची शाळा सुरू!" एक मुलगा म्हणाला. तिसरी आलेली मुलगी रडवेली झाली होती. "तुला नको तर नको घेऊस. पण आता सगळे आमच्याकडे बोट दाखवणार. माझ्या आई-बाबांनी नातेवाइकांना बोलावलंय आज."

सुजाता भिंतीला टेकून उभी होती. पाय हलत होता, पण जागा सोडली नव्हती. "मी फक्त माझं लिहिलंय," ती म्हणाली.

सूरज इतका वेळ कार्ड वाचत होता. त्याने हात पुढे केला. "पेन दे."

"कशाला?"

"दे की. माझंबी नाक सरांचंच हाय."

त्याने आपल्या चित्राखाली कार्ड लावलं. मग कोणीतरी हसलं, कोणीतरी पेन मागितलं. दुपारपर्यंत सगळ्या भिंतीवर कार्डं झाली. 'साडीच्या निऱ्या सरांच्या, मला निऱ्या जमत नाहीत.' 'मागची भिंत दादाने रंगवली, मी आजारी होते.' तिसरी आलेल्या मुलीनेही लिहिलं, सगळ्यात बारीक अक्षरात. आणि शेवटच्या रांगेतल्या एका चित्राखाली: 'यात कोणाचाही हात नाही, म्हणूनच असं दिसतंय.'

इनामदार सर आले. हात मागे बांधून त्यांनी एकेक कार्ड वाचलं. मला त्यांची काळजी वाटली. भिंतभर त्यांचंच नाव होतं, आणि तो मान की आरोप हे कळत नव्हतं. शेवटच्या रांगेतलं कार्ड वाचून ते मोठ्याने हसले. मग परत माझ्या चित्रापाशी आले, सुजाताकडून पेन घेतलं आणि ओठांबद्दलच्या ओळीवर काट मारून खाली लिहिलं: ओठ तिचेच. मग प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्या दिवशी बक्षीस दिलं गेलं नाही. पुढच्या आठवड्यात बंद हॉलमध्ये, एकही शिक्षक आत न येता, पहिल्या दोघांनी एका दिवसात पुरं करायचं नवं चित्र ठरलं; पहिला नंबर त्यावरून लागणार होता. मॉडेल मीच. असं अस्वस्थ बसणं माझ्या नशिबी पुन्हा आलं नाही. सूरज डावीकडे, सुजाता उजवीकडे. तो एकदा बघायचा आणि बराच वेळ रंगवायचा. ती पुढे, मागे, पुढे. दुपारी तिने चिंधी उचलली. मी मनात म्हणाले, नको गं. तिने माझा सगळा चेहरा पुसला. परत सुरू केला. उन्हं उतरली तेव्हा तिने पुन्हा चिंधी उचलली. मला ओरडावंसं वाटत होतं आणि मॉडेलने हलायचं नसतं.

वेळ संपली. तिच्या कॅनव्हासवर एक डोळा होता, जिवंत, माझा. दुसऱ्याच्या जागी पुसल्याचा राखाडी डाग. सूरजचं चित्र पूर्ण होतं. परीक्षकांना फार वेळ लागला नाही.

सगळे सूरजला खांद्यावर घ्यायला धावले तर त्याने त्यांना ढकललं. तो सुजाताकडे बघत होता. ती त्याच्या चित्रासमोर उभी होती. किती तरी वेळ. पाऊल मागे नाही की पुढे नाही.

"बोल की," तो म्हणाला. "काय चुकलंय?"

तिने चित्रावरून नजर हलवली नाही.

"सुजे, बोल. शिव्या दे."

"काही नाही."

"काही न्हाई म्हंजी?"

"म्हणजे चुकलेलं काही नाही."

तो पोरगा पायरीवर बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत घेतलं. फीत त्याला आधीच मिळाली होती. पण तो पहिला आला असं मला वाटलं ते तेव्हा.

तिने वडिलांना स्वतः सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "फीत लावली होती ना तुझ्या चित्राला? मग?" ती म्हणाली, "अर्धी सरांची होती, बाबा. अर्ध्या फितीवर बडोद्याला जाता येत नाही." त्यांनी नंतर मला फोन केला. "मॅडम, पोरीनं शब्द पाळला," ते म्हणाले, आणि आवाजावरून कळत नव्हतं की त्यांना बरं वाटतंय की वाईट. मला वाटतं, त्यांनाही कळत नव्हतं.

नोकरी लागल्यावर ती पेढे घेऊन आली होती. कंपनीच्या गणवेशात, केस नीट बांधलेले. उभ्याउभ्याच बोलली. "दिवसभर हेल्मेटांची चित्रं काढते, आजी. पिवळी हेल्मेटं. 'डोकं सांभाळा.' मराठीत, हिंदीत, इंग्रजीत." मी विचारलं, वाईट वाटतं का? "वाटतं," ती म्हणाली. "रोज." आणि निघाली. तिने दुसरं काही सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण तिच्याकडून तशी अपेक्षाच नव्हती.

त्यानंतर बरेच महिने भेट नाही. गेल्या हिवाळ्यात मी राजगुरुनगरला भाच्याकडे निघाले होते. चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे सगळं तुंबलेलं. कांद्याचे ट्रक, कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, कोणी कोणाला जागा देईना. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी काच खाली केली, तर रस्त्याच्या पलीकडे, बाजाराच्या कुंपणापाशी सुजाता.

गणवेशात होती. गळ्यात ओळखपत्र. समोर एका उभ्या ट्रकच्या सावलीत दोन हमाल कांद्याच्या पोत्यांवर झोपले होते. एकाचा हात पोत्यावरून खाली लोंबत होता. ती त्यांच्याकडे बघत होती आणि एका पुठ्ठ्यावर कागद लावून त्यांचं चित्र काढत होती. मी हाक मारणार होते. तेवढ्यात तिच्या कंपनीची बस तिच्यामागे येऊन थांबली. दार उघडलं. दोघी-तिघी चढल्या. एकीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ए गायकवाड! चल की! सेकंड शिफ्टला उशीर झाला तर साहेब आत घेत नाही, माहितीये ना?"

सुजाताने मागे न बघता डावा हात वर केला. थांबा, असा. उजवा हात चालूच होता.

"अगं, येतेस का जाऊ?"

बसने दोनदा हॉर्न दिला. मी जन्मभर घंटेच्या आधी वर्गात पोहोचलेली बाई. तिथून ओरडून सांगावं, बस पकड, असं वाटलं. मी ओरडले नाही. ती एका जागी उभी होती. पाय हलत नव्हते. मान थोडी कललेली, आणि पेन्सिल त्या लोंबत्या हाताच्या बोटांवर आली होती.

दार लागलं. बस तिच्या पाठीमागून हळूहळू सरकली आणि गर्दीत गेली. आमची गाडी सुटेपर्यंत तिने मान वर केली नव्हती.